स्पीडबोटीच्या इंजिनाची फिटिंग पाझरतात: टेफ्लॉन टेप लावावी की सीलंट?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकन व्ही-८ इंजिनाच्या स्पीडबोटीत मोठा इलेक्ट्रिक पंप आणि मोठा कार्ब्युरेटर बसवला, तेव्हापासून फिटिंगमधून पेट्रोल पाझरतंय, दोनदा आवळून झालं, आता टेप लावू की सीलंट? उत्तर फिटिंग कुठलं आहे त्यावर आहे. काहींना सीलंट लागतं, काहींना दोन्ही चालत नाही. पण "दोनदा आवळून झालं" हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तिसऱ्यांदा आवळू नका. का ते सांगतो. गोष्ट जरा घरगुती आहे.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, हायड्रॉलिक फिटिंगचं जॉबवर्क. बोटीशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पुण्याला समुद्र नाही, आणि मुठेत बोट चालवायची तर आधी मुठेत पाणी हवं. पण बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या एका गिऱ्हाइकाने जुनी एकोणीस फुटी फायबरची स्पीडबोट घेतली. ५.७ लिटरचं इंजिन. बोट पानशेतच्या बाजूला एका शेडमध्ये ट्रेलरवर असायची. (पानशेत आणि गळती हे दोन शब्द १९६१ नंतर पुणेकराने एका वाक्यात घेऊ नयेत, पण इलाज नाही.) गिऱ्हाइकाला वेग हवा होता. मूळचा डायफ्रॅमचा पंप काढून त्याने बाहेरून इलेक्ट्रिक पंप मागवला. पंप आला, फिटिंग आली नाहीत. आणि इथे आमचे दाजी आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रविवार पेठेत बोहरी आळीजवळ हार्डवेअरचं दुकान, उभी हयात नळ, निपल, सॉकेट विकण्यात गेली. त्यांनी न बघता खोक्यात हात घातला आणि पितळी निपल काढून दिलं. "घे. तीन सुती पंप, तीन सुती निपल. विषय संपला."

मी व्हर्निअर लावला. तीन सुती, म्हणजे ३/८ इंच, हे पाइपचं नावापुरतं माप; आट्यांवर बाहेरून सतरा मिलिमीटरच्या आसपास. ठीक वाटलं. रविवारी पानशेतला गेलो, दाजीही हवापालट म्हणून बरोबर आले, ताईने डबा दिला होता. निपल पंपात धरलं तर तीन आटे हाताने गेलं आणि अडलं.

"दाजी, अडतंय हे."

"अरे, टेपर आहे ते, पुढे निमुळतं, अडणारच. टेप गुंडाळ आणि घे पान्याने."

माझं पिच गेज, म्हणजे इंचात किती आटे ते मोजायची पट्टी, भोसरीच्या ड्रॉवरमध्ये होतं. असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. अमेरिकन पाइपचे आटे एनपीटी: ६० अंशांचा कोन, आणि तीन सुतीला इंचात १८ आटे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते बीएसपी: ५५ अंश आणि इंचात १९. तीन-चार आटे एकमेकांना सांभाळून घेतात, मग भांडण सुरू होतं. चार सुतीला आणखी फसगत, कारण तिथे दोन्हींचे आटे इंचात १४ आहेत; निपल लोण्यासारखं आत जातं, फक्त कोन जुळत नाही आणि आट्याच्या खोबणीतून पेट्रोल गोल गोल फिरत बाहेर येतं. "बसलं" आणि "जुळलं" यातला हा फरक मी दाजींना गेली बारा वर्षं समजावतोय.

तर मी पाच वेढे टेप गुंडाळली आणि आवळलं. पाझरलं. दाजी म्हणाले, अजून अर्धा फेरा. टेपमुळे आटे इतके बुळबुळीत होतात की पान्याला जोर कळतच नाही, हाताला वाटतं अजून जागा आहे. अर्ध्या फेऱ्याला बारीक "टिक" असा आवाज आला. मी दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "बघ, बसलं."

पंप चालू केला. फिटिंगभोवती वर्तमानपत्राचा कागद धरला, कोरडा. जेवायला बसलो. वीस मिनिटांनी परत आलो तर वास. नजरेला थेंब कुठेच नाही, कारण थोडं पेट्रोल थेंब धरत नाही, उडून जातं. मी पंपाच्या मागे बोट फिरवलं आणि एका ठिकाणी बोट गार पडलं. एप्रिलचा महिना, शेडवर पत्रा, सगळं इंजिन तापलेलं आणि ही बोटभर जागा माठासारखी गार. दाजींनी तोवर अंगाच्या साबणाची वडी आणली होती. स्कूटरच्या टाकीला भोक पडलं की साबण चोळायचा, ही जुनी युक्ती, आणि ती खरीही आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पाण्यात विरघळतो. बोटीत काय असतं ते सांगायला नको.

शेवटी मी गिऱ्हाइकाच्या गाडीतली टाल्कम पावडर आणली, सगळं पुसून कोरडं केलं, पावडर भुरभुरली आणि पाच सेकंद पंप चालू केला. पांढऱ्या पावडरीत एक काळपट रेघ उमटली, केसाएवढी. ती आट्यांवर नव्हती. निपलच्या तोंडापासून निघून पंपाच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर दोन सेंटिमीटर गेली होती. टेपर निपल म्हणजे पाचरच, जबरदस्तीने ठोकली की लाकूड काय आणि ॲल्युमिनियम काय, फाटणारच. नवा पंप यायला दीड महिना लागला, पैसे माझ्या खिशातून गेले. वर कार्ब्युरेटर उघडला तेव्हा फ्लोटच्या सुईखाली, म्हणजे आत येणारं पेट्रोल थांबवणाऱ्या सुईखाली, टेपचा पांढरा चिवटा अडकलेला सापडला. सुई बसत नव्हती, पेट्रोल वर चढून इंजिनात सांडत होतं. दोन गळत्या, एका टेपच्या.

आता तुमचं. पंपाला आणि फिल्टरच्या डोक्याला टेपरचे आटे असतील तर निपल एनपीटीचंच आणा. हार्डवेअरच्या दुकानातून नाही, हायड्रॉलिकवाल्याकडून, पिच गेज लावून. त्यावर पेट्रोलला चालतं असं डबीवर स्पष्ट लिहिलेलं पीटीएफईचं (म्हणजे टेफ्लॉनचंच) द्रव सीलंट लावा, पहिले दोन आटे कोरडे सोडा, आणि चोवीस तास हात लावू नका. लोक संध्याकाळी सीलंट लावतात आणि रात्रीच पंप चालू करून "सीलंट फालतू आहे" म्हणतात. सिलिकॉन लावू नका, पेट्रोलने ते फुगून सुटतं. शेलॅक, सफेदा-सुतळी, एमसील यांतलं काही नको. एमसील माझ्या गच्चीच्या पाइपला वर्षानुवर्षं टिकलंय, त्याचा दोष नाही. पण ज्याला उद्या खोलायचंय आणि जे इंजिनाबरोबर थरथरतंय त्याला ते कशाला?

लाल-निळी रंगीत फिटिंग असतील, म्हणजे एएन, तर त्यांना टेपही नको, सीलंटही नको. तिथे आटे पेट्रोल अडवत नाहीत, ते फक्त दोन कोन, म्हणजे शंकूसारखे उतार, एकमेकांवर दाबून धरतात. गळती कोनावर थांबते. कोनावरून नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा आहे, मग कितीही आवळा. ओरखडा बारीक असेल तर तांब्याचं पातळ शंकूसारखं वायसर मिळतं, नाहीतर फिटिंग बदला. आट्यांना तेलाचा एक थेंब द्या, ॲल्युमिनियमचे कोरडे आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. आणि मधे धातूची नळी असेल तर ती फ्लेअर कोणी केली, म्हणजे तिचं तोंड कोनात कोणी पसरवलं, ते विचारा. एएनचा कोन ३७ अंशांचा. एसीवाल्याकडे फ्लेअरचं जे टूल असतं ते ४५ अंशांचं. नट छान बसतो, कोन मात्र एका कडेवर टेकतो. माझा अंदाज, तुमच्या कार्ब्युरेटरजवळची गळती हीच आहे.

ओ-रिंगचं, म्हणजे रबरी कडीचं फिटिंग असेल तर रिंग बदला, व्हायटन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची घ्या. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या बोट-इंजिनांची पुस्तकं बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. रबर फुगतं ते एक, शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. नळीही बघून घ्या: बोटीच्या इंजिनखोलीसाठी ए१-१५ छापलेली असते. गाडीची नळी नको.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. गाडीत थोडं पाझरलं तर वाऱ्याबरोबर जातं. बोटीत पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाच्या पोकळीत, म्हणजे बिल्जमध्ये साचते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली की एक ठिणगी पुरते. म्हणून अमेरिकन बोटींवर स्टार्टरआधी ब्लोअर (ही वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवा असं छापलेलं असतं. तपासताना बॅटरी काढा, पंपाला बोटीबाहेर दूर ठेवलेल्या बॅटरीवरून करंट द्या, अग्निशामक हाताशी ठेवा. आम्ही त्या रविवारी यातलं काहीही केलं नव्हतं. वाचलो. आणि हे सगळं कार्ब्युरेटरच्या पाच-सात पीएसआय दाबासाठी आहे. तुमचं इंजिन इंजेक्शनचं असेल तर दाब ४० च्या वर जातो, तिथे माझं ऐकू नका, त्या कामाच्या माणसाला बोलवा.

राहता राहिले दाजी. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच: चीर पंपात आधीचीच होती, मालच सदोष आला. मागच्या भाऊबीजेला मी तो जुना पंप शोधून काढला, व्हाइसमध्ये धरून चिरेवरच मोडला आणि मोडलेलं तोंड ताईच्या देखत त्यांच्यापुढे ठेवलं. आधीची चीर असती तर आतून मळकट निघाली असती. ही पांढरी चकचकीत, आणि सुरुवात थेट निपलच्या चौथ्या आट्यापाशी. दाजींनी चष्मा लावला, तुकडा उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "चमकणारच. आत्ताच मोडलास ना?"