वाचकांचे प्रश्न : दोनच्या आकड्यावर अडकलेला पन्नास वॅटचा अ‍ॅम्प

प्रश्न : १९६० च्या दशकाच्या अखेरच्या ब्रिटिश सर्किटवर बेतलेला, हाताने जोडणी केलेला, गिटारचा पन्नास वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प (व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) मी नुकताच घेतला. जुन्या रॉक ध्वनिमुद्रणांतला भरदार, गुरगुरता आवाज त्यातून मिळेल अशी अपेक्षा होती. खोलीत मात्र व्हॉल्यूमचे बटण दोनच्या पुढे नेता येत नाही आणि दोनवर आवाज पातळ व कानाला टोचणारा लागतो. अ‍ॅम्पमध्ये काही दोष आहे का?

उत्तर : दोष असण्याची शक्यता फार कमी आहे. तुम्ही वर्णन केले आहे तसाच हा अ‍ॅम्प दोनवर वाजतो. या घराण्याचे मूळ फेंडर कंपनीच्या बासमन अ‍ॅम्पच्या ५एफ६-ए या सर्किटात आहे. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ साली त्याच सर्किटावरून पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला, आणि पुढच्या काही वर्षांत ईएल३४ जातीच्या पॉवर ट्यूबा, अधिक गेन (वर्धन) आणि अधिक ट्रेबल (तीव्र, वरचा भाग) अशी त्याची वाटचाल झाली. अशा अ‍ॅम्पला ब्राइट (चमकदार) आणि नॉर्मल असे दोन चॅनेल असतात. दशकाच्या शेवटी ब्राइट चॅनेलच्या व्हॉल्यूमवर ५००० पिकोफॅरडचा कपॅसिटर बसू लागला. बटण खाली असताना हा कपॅसिटर ट्रेबलला बटणाभोवती वळसा घालून थेट पुढे पाठवतो, त्यामुळे खर्ज आणि मधला भाग दबतो आणि टोचणारा भाग तेवढा पोहोचतो. बटण जसजसे वर जाते तसतसा हा परिणाम विरत जातो. शिवाय याच चॅनेलच्या पहिल्या ट्यूबच्या कॅथोडवर (ट्यूबच्या ऋण टोकावर) ०.६८ मायक्रोफॅरडचा लहान कपॅसिटर असतो, म्हणजे खर्ज आधीच मुद्दाम छाटलेला असतो. कर्त्यांनी हे सारे मोठ्या रंगमंचासाठी केले होते. दोनवर वाजवणारा वादक त्यांच्या हिशेबातच नव्हता.

तुम्ही ज्या आवाजाच्या शोधात आहात तो बटण सहाच्या आसपास पोहोचल्यावर जन्माला येतो. तिथे शेवटची ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूबा आणि त्यांना सिग्नल दोन भागांत वाटून देणारा फेज इन्व्हर्टर आपल्या मर्यादेला भिडतात, लहरींची टोके चेपली जातात, तारेवरचा पहिला आघात मऊ होऊन स्वर लांब टिकू लागतो, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर व स्पीकरचा कागदी पडदाही या फाटण्यात (डिस्टॉर्शनमध्ये) आपला वाटा उचलतात. सुरुवातीच्या टप्प्यातली प्रीअ‍ॅम्प ट्यूब एकटी फाटली की जो चिरका आवाज येतो त्याहून हा वेगळा असतो, कारण इथे साखळीतली प्रत्येक कडी थोडी थोडी फाटत असते. याखेरीज कानाचाही एक भाग आहे : कमी आवाजात कान खर्जाला मंद होतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते. म्हणून मोठ्या आवाजात भरदार वाटणारी बटणांची मांडणी कमी आवाजात रोडावलेलीच भासणार.

उपाय करायचे तर आधी फुकटचे करावेत. अ‍ॅम्पला चार इनपुट असतील तर गिटार ब्राइट चॅनेलच्या वरच्या इनपुटात लावावी आणि त्याच चॅनेलच्या खालच्या इनपुटातून एक आखूड केबल नॉर्मल चॅनेलच्या वरच्या इनपुटात न्यावी. मग नॉर्मलचे व्हॉल्यूम ब्राइटपेक्षा थोडे जास्त ठेवले की अंगाला मांस येते. मला विचाराल तर या अ‍ॅम्पमधली सर्वांत उपयोगी गोष्ट ती वीतभर केबलच आहे. ब्राइट कपॅसिटर काढून टाकणे किंवा तिथे १०० ते ५०० पिकोफॅरडचा बसवणे हे तंत्रज्ञाकडून करून घेण्याचे दहा मिनिटांचे काम आहे आणि हवे तेव्हा उलटवता येते.

यानंतर अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून शक्ती शोषून घेणारा अ‍ॅटेन्युएटर. स्पीकरचा रोध सर्व कंपनसंख्यांना सारखा नसतो, तो खर्जातल्या अनुनादापाशी आणि वर ट्रेबलकडे चढत जातो. ही चढउतार सांभाळणारा रिअ‍ॅक्टिव्ह प्रकार घ्यावा, नुसत्या रेझिस्टरांचा घेऊ नये. तीन-सहा डेसिबल कमी करण्यापर्यंत तो उत्तम चालतो. दहा-बारा डेसिबलच्या पुढे मात्र स्पीकर जवळजवळ हलतच नाही, आणि त्याचा वाटा गेला की आवाजातला जीवही जातो. लक्षात ठेवा, कानाला आवाज कमी लागला तरी ट्यूबा पूर्ण ताकदीनेच झिजत असतात. आणि आवाज चढवता आला की बेसचे बटण दोन-तीनवर आणा, मिडल वर न्या. खोलीत सुखद वाटणारा खर्ज त्या पातळीला फक्त चिखल करतो.

प्रश्न : मग मी कमी वॅटचा अ‍ॅम्प घ्यायला हवा होता का? पाच वॅटचा अ‍ॅम्प दहापट हळू वाजेल ना?

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज फार जणांना महागात पडतो. पन्नासवरून पाच वॅटवर आल्याने ध्वनीची पातळी दहा डेसिबलने घटते, आणि कानाला ती साधारण निम्मी वाटते. पूर्ण ताणलेला पाच वॅटचा अ‍ॅम्पही बंद खोलीत चांगलाच दणदणीत असतो. स्पीकरची संवेदनशीलता तितकीच महत्त्वाची आहे : एका वॅटला शंभर डेसिबल देणाऱ्या स्पीकरच्या जागी सत्त्याण्णवचा लावला तर अ‍ॅम्पची शक्ती निम्मी केल्यासारखेच होते. म्हणून आपण जिथे खरोखर वाजवणार आहोत तिथे कोणता अ‍ॅम्प मर्यादेपर्यंत नेता येईल हे आधी ठरवावे, आणि मग नाव व नमुना पाहावा. पन्नास वॅटचा अ‍ॅम्प विकण्याची घाई मात्र करू नका. ढोलवादकाबरोबर वाजवायला लागलात की तो आपले म्हणणे मांडेल.

प्रश्न : हाताने जोडलेले अ‍ॅम्प छापील सर्किट बोर्डाच्या अ‍ॅम्पपेक्षा इतके महाग असतात. आवाजात खरोखर फरक पडतो, की हा केवळ भाबडेपणा आहे?

उत्तर : सर्किट तेच, घटकांची मूल्ये तीच, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरही तेच असतील आणि बोर्डाची आखणी विचारपूर्वक केलेली असेल, तर डोळे बांधून फरक ओळखणारा कान मला अजून भेटलेला नाही. मार्शलने १९७३ च्या सुमारास छापील बोर्ड स्वीकारले आणि त्यानंतरच्या मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचे वेगळे बटण असलेल्या) अ‍ॅम्पांनी रॉकचा आवाज घडवला, ही गोष्टही विसरता येत नाही. उलट, हातच्या जोडणीत ग्रिडची (ट्यूबमध्ये सिग्नल आणणारी) तार आउटपुटच्या तारेला समांतर नेली तर अ‍ॅम्प स्वतःशीच आंदोलन पावू लागतो. कधी तो शीळ घालतो, तर कधी हे आंदोलन कानाच्या कक्षेबाहेर असल्याने फक्त आवाज कोरडा आणि चिडचिडा होतो आणि मालक बिचारा ट्यूबा बदलत बसतो.

तरीही मी स्वतः हाताने जोडलेलाच अ‍ॅम्प निवडेन, पण कारण वेगळे आहे. त्यात ट्यूबांचे सॉकेट आणि बटणे थेट चॅसिसवर बसवलेली असतात, त्यामुळे ट्यूबांची उष्णता आणि जॅकला बसणारे हिसके सोल्डरच्या सांध्यांवर येत नाहीत, आणि एखादा रेझिस्टर बदलायला संपूर्ण बोर्ड उचकटावा लागत नाही. असा अ‍ॅम्प पन्नास वर्षांनीही साध्या सोल्डरिंग आयर्नने दुरुस्त होतो. शिवाय एवढी मेहनत घेणारा कारागीर सहसा ट्रान्सफॉर्मरवर काटकसर करत नाही, आणि आवाजातला जो फरक लोक तारांच्या नावावर जमा करतात तो बऱ्याचदा तिथूनच आलेला असतो. जुने ते सगळेच सोने नाही, हेही सांगितले पाहिजे : फेंडरच्या जुन्या अ‍ॅम्पमधले काळे फायबरचे बोर्ड वर्षानुवर्षांत ओलावा शोषतात आणि नको तिथे वीज झिरपू देतात. पण १९५० च्या दशकातल्या त्या चॅसिसमध्ये जोडणी करणाऱ्या स्त्रीचे नाव लिहिलेली चिकटपट्टी अनेकदा आढळते, आणि ती पाहिल्यावर बोर्डाचे अपराध पोटात घालावेसे वाटतात.

प्रश्न : माझ्याकडे ५ई३ नमुन्याचा छोटा अ‍ॅम्प आहे. हंबकर (दुहेरी कॉइलचा जोरकस पिकअप) असलेल्या गिटारने तो पूर्ण उघडला की जाड तारांचा आवाज फुटून नुसता फसफसतो. हेच त्याचे वैशिष्ट्य मानायचे का?

उत्तर : काही अंशी, होय. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या फेंडर डिलक्सचे हे सर्किट : दोन ६व्ही६ पॉवर ट्यूबा, कॅथोड बायस (ट्यूबचा विश्रांतीतला प्रवाह आपोआप ठरवणारी रचना), एसी विजेचे डीसी करणारा ५वाय३ रेक्टिफायर, नकारात्मक फीडबॅक (आवाज काबूत ठेवण्यासाठी आउटपुटचा भाग मागे पाठवणे) नाही आणि टोनचे एकच बटण. जोराचा आघात झाला की रेक्टिफायरवरचा व्होल्टेज खाली बसतो आणि स्वर आधी दबून मग फुलतो. रॉक गायक-गिटारवादक नील यंग यांच्या १९५९ च्या डिलक्समधला कोसळता आवाज याच कुळातला आहे. मात्र फसफस जास्त होत असेल तर पहिल्या जागी कोणती ट्यूब आहे ते पाहा. मूळ सर्किटात तिथे १२एवाय७ असते. अनेक जण गेनच्या हौसेने दुपटीहून अधिक वर्धन करणारी १२एएक्स७ लावतात आणि मग तक्रार करतात. मूळ ट्यूब परत लावावी. तेवढ्याने भागले नाही तर टप्प्यांना जोडणारे ०.१ मायक्रोफॅरडचे कपलिंग कपॅसिटर ०.०२२ चे करून घ्यावेत, म्हणजे पुढच्या टप्प्यावर खर्जाचा भार कमी पडतो. या अ‍ॅम्पची दोन्ही व्हॉल्यूम बटणे एकमेकांवर परिणाम करतात, त्यामुळे न वापरलेल्या चॅनेलचे बटण फिरवूनही आवाजाचा पोत बदलतो. एक संध्याकाळ त्यातच घालवावी.

प्रश्न : सरावाच्या वेळी स्पीकरची केबल काढून ट्यूब अ‍ॅम्प चालू ठेवला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. भार नसताना सिग्नल गेला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतो आणि ट्रान्सफॉर्मर, सॉकेट किंवा ट्यूब यांपैकी काहीतरी जळते.

प्रश्न : पॉवर ट्यूबा बदलल्यावर बायस तपासायलाच हवा का? थंड बायसचा आवाज रॉकला चांगला, असे काही जण सांगतात.

उत्तर : बायस म्हणजे सिग्नल नसताना ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा याची मांडणी; प्रवाह कमी तर बायस थंड, जास्त तर गरम. फिक्स्ड बायसचा, म्हणजे ही मांडणी वेगळ्या व्होल्टेजने ठरवणारा अ‍ॅम्प असेल तर तपासायलाच हवा. प्रचलित आडाखा असा की विश्रांतीच्या अवस्थेत ट्यूबेवर तिच्या कमाल क्षमतेच्या सत्तर टक्क्यांहून अधिक भार नसावा. ईएल३४ ची क्षमता पंचवीस वॅट. तिचे सत्तर टक्के म्हणजे साडेसतरा वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर दर ट्यूबेमागे सुमारे ३९ मिलिअँपिअर. हा आकडा वरची मर्यादा आहे, गाठायचे उद्दिष्ट नाही; मी स्वतः त्याच्या थोडे खाली थांबतो. फार थंड बायस ठेवला तर हळू वाजवताना आवाज दाणेदार आणि कोरडा होतो, फार गरम ठेवला तर ट्यूबा लवकर मरतात आणि आवाज लोळागोळा होतो. प्रीअ‍ॅम्प ट्यूबांना हे सोपस्कार लागत नाहीत. पण अ‍ॅम्पचे झाकण स्वतः उघडू नका, कारण फिल्टर कपॅसिटरांमध्ये वीज बंद केल्यानंतरही चार-पाचशे व्होल्ट साठून राहू शकतात आणि ते जीवघेणे असतात. गिटारवादक एडी व्हॅन हॅलेन यांनी व्हेरिअ‍ॅक (विजेचा व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून अ‍ॅम्पला कमी व्होल्टेज दिला, ही कथा वाचून तसे करणाऱ्यांनाही माझा सल्ला नकाराचाच आहे : त्याने ट्यूबांच्या फिलामेंटचा व्होल्टेजही घसरतो आणि बायसचे सगळे गणित बिघडते.

प्रश्न : पेडलशिवाय एकाच अ‍ॅम्पवर स्वच्छ आणि फाटका असे दोन्ही आवाज कसे मिळवावेत?

उत्तर : गिटारवरच्या व्हॉल्यूमने. अ‍ॅम्प सोलोसाठी हवा तितका फाटेपर्यंत चढवून ठेवा आणि साथीसाठी गिटारचे बटण सहा-सातवर आणा. उत्तम ट्यूब अ‍ॅम्प त्या एका हालचालीवर स्वच्छ होतो. बटण खाली करताच ट्रेबल हरवत असेल तर दोष बहुधा लांब केबलच्या कपॅसिटन्सचा असतो. आखूड केबल घ्या किंवा गिटारच्या व्हॉल्यूमवर लहान ट्रेबल ब्लीड कपॅसिटर बसवून घ्या. पेडल वर्ज्य आहे असेही नाही. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचा आवाज व्हॉक्स एसी३० या अ‍ॅम्पच्या नॉर्मल चॅनेलला ट्रेबल बूस्टरने ढकलून घडलेला आहे. बूस्टर खर्ज छाटून मधला-वरचा भाग रेटतो आणि फाडण्याचे काम चार ईएल८४ ट्यूबांवर सोपवतो. पेडलचे ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल वर ठेवून सुरुवात करा.