पीचट्री सिटीत वापरलेली गोल्फ कार्ट घ्यावी का?

बडोद्यातील मांजलपूरचे घर भाड्याने देऊन आपण येत्या उन्हाळ्यात सहकुटुंब अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील पीचट्री सिटीला येणार आहात, आणि दुसऱ्या मोटारीऐवजी पत्नी व दोन मुलांसाठी वापरलेली विजेवरची गोल्फ कार्ट घेतली तर भागेल का, असे आपण विचारले आहे. मीही बडोद्याचीच, दांडिया बाजारातली. व्हिसा, कोणत्या वयात कार्ट चालवता येते, शहराकडे तिची नोंदणी कशी करायची, ही माहिती सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेली आहे, म्हणून ती इथे पुन्हा लिहीत नाही.

बडोदेकराला गोल्फ कार्ट म्हटले की लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातले गोल्फचे मैदान आठवते. इथे मात्र ती घरगुती वापराची गाडी आहे. झाडांमधून काढलेल्या, मोटारींना बंद असलेल्या शंभर मैलांहून अधिक वाटा शहरभर पसरल्या आहेत, ५४ आणि ७४ क्रमांकांचे मोठे रस्ते पुलांवरून किंवा बोगद्यांतून ओलांडता येतात, आणि दूध-भाजी, वाचनालय, तळ्याकाठचा फेरफटका हे सगळे कार्टवर होते. तिचा वेग ताशी २० मैलांच्या आतला असतो. विमानतळ, अटलांटा, महिन्याचा भारतीय किराणा यांसाठी मोटारच लागते.

विकणारा आपल्याला रंग, मोठी चाके आणि नव्या सीट दाखवील. आपण सीट उचलून खाली पाहावे, कारण वापरलेली कार्ट घेणे म्हणजे मुख्यतः वापरलेल्या बॅटऱ्या घेणे होय. ४८ व्होल्टच्या जुन्या गाडीत बहुधा आठ व्होल्टच्या सहा लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असतात. पुष्कळ बॅटऱ्यांवर एक अक्षर आणि एक आकडा ठोकलेला सापडतो: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असे एल म्हणजे डिसेंबरपर्यंत, आणि आकडा हा वर्षाचा शेवटचा अंक. नीट निगा राखली तर या बॅटऱ्या चार ते सहा वर्षे टिकतात. म्हणून पाच वर्षांच्या बॅटऱ्यांची गाडी कितीही चकचकीत असली तरी नव्या संचाचे हजार-दीड हजार डॉलर किमतीत धरूनच भाव करावा. झाकणे उघडून पाहावीत. आतल्या पट्ट्या पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या दिसल्या, तर मालकाने गाडी कशी ठेवली हे त्याला विचारण्याची गरज उरत नाही. घरच्या इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालणाऱ्याला यात नवे काही नाही.

व्होल्टमीटर बरोबर न्यावा. पूर्ण चार्ज करून काही तास उभ्या ठेवलेल्या ४८ व्होल्टच्या संचाने ५०.९ व्होल्टच्या आसपास दाखवले पाहिजे. मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी, कारण एक जरी मागे पडलेली असली तरी ती उरलेल्यांनाही खाली ओढते. त्यानंतर घरच्या सगळ्यांना बसवून गाडी चढावर न्यावी. सपाटीवर प्रत्येक कार्ट चांगलीच वाटते. बॅटऱ्यांखालची चौकट हात घालून तपासावी. क्लब कार या कंपनीच्या गाडीची चौकट अ‍ॅल्युमिनियमची असते, ईझी-गो कंपनीच्या गाडीची पोलादी, आणि सांडलेले आम्ल पोलाद खाते. चार्जर गाडीबरोबरच मागून घ्यावा आणि तो आपल्या समोर लावून पाहावा, कारण बॅटऱ्या फारच उतरल्या असतील तर बरेच स्वयंचलित चार्जर सुरूच होत नाहीत.

मुले लहान आहेत म्हणून आणखी एक गोष्ट. मागे तोंड करून बसण्याच्या सीटवर अनेक गाड्यांत पट्टे नसतात, आणि वळणावर मूल सहज बाहेर फेकले जाते. पट्टे बसवून घेतल्याशिवाय मुलांना तिथे बसवू नये. बहुतेक साध्या कार्टना ब्रेक मागच्या चाकांनाच असतो, हेही ध्यानात असू द्यावे.

जॉर्जियात साध्या कार्टला मोटारीसारखा मालकीचा सरकारी दाखला मिळत नाही, विक्रीचा सहीचा कागदच काय तो असतो. म्हणून त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि तो गाडीवरच्या पट्टीशी स्वतः जुळवून पाहावा. हा कागद पत्नीच्या नावाने करावा, एवढे माझे ऐकावे. घराचा करार, वीज, पाणी, बँक, सगळे माझ्या यजमानांच्या नावाने झाले होते. वाहन परवान्यासाठी रहिवासाचे पुरावे मागितले तेव्हा माझ्या नावाचा एकही कागद घरात निघाला नाही, आणि पुढे व्हिसाची पडताळणी होईपर्यंत परवाना कार्यालयाच्या खिडकीवरून दर वेळी ‘अजून उत्तर आलेले नाही’ एवढेच ऐकून मी परत येत असे. बडोद्यात स्कूटर काढून न्यायमंदिरापासून अलकापुरीपर्यंत कुणालाही न विचारता जाणारी मी, इथे दुधासाठी यजमान कामावरून येण्याची वाट पाहत असे. कार्ट ‘पत्नी व मुलांसाठी’ असे आपण लिहिले आहे, पण पत्नीला काय हवे ते आपल्या प्रश्नात कुठेच नाही. आमच्याकडे कार्ट आल्यावर दुसऱ्या मोटारीचा विषय फार काळ निघाला नाही, कारण ‘तुझी सोय झाली आहे ना’ हे उत्तर तयार होते. मला ती गाडी मनापासून आवडते आणि तिचा रागही येतो.

शाळेचे विचारले आहे. लसीकरणाचा दाखला आणि डोळे, कान, दात, पोषण तपासणीचा दाखला जॉर्जियाच्या ठरावीक नमुन्यांतच लागतो, त्यामुळे बडोद्याच्या डॉक्टरांकडून लसींच्या तारखा इंग्रजीत, सहीशिक्क्यानिशी आणाव्यात. प्रवेशाच्या अर्जात घरची भाषा विचारतात. आम्ही ‘मराठी’ लिहिले, तर बालवर्गापासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या मुलीची इंग्रजीची परीक्षा घेऊन तिला वेगळ्या तासाला बसवण्यात आले. पुढे ती त्यातून बाहेर पडली. पण कार्टवरून जाताना समोरून वर्गातले कुणी आले की ती मराठी बोलणे थांबवू लागली, आणि ती आता पंधरा वर्षांची होऊन शिकाऊ परवान्यावर तीच कार्ट स्वतः चालवते तरी मला ते विसरता आलेले नाही. खरे असेल तेच लिहावे, हे मी तरीही सांगते. शाळेकडे आदल्या वर्षीच्या गुणपत्रिका पहिल्याच दिवशी द्याव्यात.

एकटेपणाविषयीही आपण विचारले आहे. तो असतो, आणि त्यावर कार्टचा उपयोग मोटारीपेक्षा अधिक होतो, कारण वाटेवर लोक हात करतात, थांबतात, दोन शब्द बोलतात. त्याहून अधिक मला लिहायचे नाही.

लिथियमच्या बॅटऱ्या अधिक टिकतात, त्यांत पाणी घालावे लागत नाही आणि गाडी हलकी होते; मात्र जुन्या गाडीत त्या नंतर बसवल्या असतील तर चार्जर त्यांच्यासाठीचाच आहे ना, हे विचारावे. आणि गाडी पाहण्याआधी घर पाहावे. साधा ११० ते १२० व्होल्टचा प्लग चार्जिंगला पुरतो, पण पुष्कळ अपार्टमेंटमध्ये गाडी जिथे उभी करायची तिथे तो नसतो आणि वरच्या मजल्यावरून वायर सोडू देत नाहीत. गॅरेज असलेले घर थोडे महाग पडले तरी घ्यावे, करारावर दोघांची नावे घालावीत, आणि कार्ट पाहायला जाताना पत्नीला बरोबर न्यावे. चढावर गाडी त्यांनाच चालवू द्यावी.