मळ्यात राहते, सगळं आहे, तरी मन का रमत नाही?

"मॅडम, घर मोठं आहे, नवरा चांगला आहे, सासू-सासऱ्यांचा त्रास नाही. तरी सकाळी उठावंसं वाटत नाही. मला झालंय काय?"

मी समुपदेशक आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नर भागातून येणाऱ्या बायका हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. नाशिक शहरात वाढलेली मुलगी लग्न करून मळ्यात जाते. गाव दोन किलोमीटरवर, शेजारचा मळाही हाकेच्या टप्प्यात नाही. शहरातल्या मैत्रिणी म्हणतात, "तुझी मजा आहे बाई, निसर्गात राहतेस!" ते ऐकून तिला आणखीच अपराधी वाटतं. त्यांतल्या एकीबद्दल तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय तिशीतलं, बी.कॉम., माहेर सिडकोत. लग्नाआधी ती एका सीएच्या ऑफिसात होती. सासरी द्राक्षबाग आणि कांदा. ऑक्टोबर छाटणी झाली की नवरा पहाटेपासून बागेत. फवारणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, मजुरांची जमवाजमव, आभाळ भरून आलं की रात्रभर घालमेल. जेवतानाही तो बागेबद्दलच बोलायचा. मी त्याला दोष देणार नाही. वर्षाचं पीक एका गारपिटीत जाऊ शकतं, अशा माणसाचं डोकं दुसरीकडे लागणार तरी कसं? पण तिच्या वाट्याला स्वयंपाक, मजुरांचा चहा आणि हातातला मोबाइल एवढंच उरलं होतं.

पहिल्या भेटीत मी झाडापानांचा विषयही काढला नाही. झोप, भूक, पाळी विचारली. जीव नकोसा होतो का, हेही स्पष्ट विचारलं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवा. अशा माणसाला "जरा शेतात फिरून ये, बरं वाटेल" म्हणणं फार निर्दय आहे. मध्यरात्री कुणाशी बोलायची वेळ आली तर सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

तिचं तिथवर गेलेलं नव्हतं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थकवा कमी झाला, कंटाळा मात्र तसाच राहिला.

मग मी तिला वही दिली. पीटर लेविन्सोन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलं की, बरं वाटेल असं काही आयुष्यात घडेनासं झालं की माणूस खचत जातो. खचला की आणखी कमी करतो आणि कमी केल्याने आणखी खचतो. "मूड आला की करीन" म्हणत बसलं तर हे चक्र तुटत नाही. आधी करायचं, मन मागून येतं. वहीत फक्त दोन गोष्टी लिहायच्या होत्या: काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं, शून्य ते दहात.

आठवड्याने वही आली. सगळीकडे दोन, तीन, दोन. दुपारच्या एका नोंदीपुढे मात्र सहा: काळ्याला भाकरी टाकली.

काळ्या हा मळ्यातला गावठी कुत्रा. उसामुळे त्या भागात बिबट्याचा वावर, म्हणून तो राखणीला आणि दिवसभर साखळीला. मी सहाच्या आकड्यावर बोट ठेवलं तर ती संकोचली. "कुत्र्याला भाकरी घालण्यात काय मोजायचं, मॅडम?" मी म्हटलं, तेच मोजायचं. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळाच्या जवळिकीत हेच संप्रेरक असतं. तेव्हा तो सहा काही तिच्या मनाचा खेळ नव्हता.

ठरलं ते एवढंच: रोज सकाळी काळ्याची साखळी सोडून त्याच्याबरोबर पाटाच्या कडेने वीस मिनिटं चालायचं. उन्हं वर आल्यावर, बिबट्यामुळे अंधारात नाही. फोन घरी. फवारणी झालेल्या बागेत शिरायचं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "मळ्यात कुणी कुत्रं फिरवतं का? राखणीला आहे तो." ती दोन दिवस थांबली, मग तिने वही सासूबाईंनाच वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी साखळी त्यांनीच सोडली. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. सुनेला काय आवडतं हे त्या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी कळलं होतं.

पुढच्या वह्यांमध्ये हळूहळू नावं यायला लागली. तारेवर बसलेला वेडा राघू, बांधावरून चालणारा भारद्वाज, ओरडून मळा डोक्यावर घेणारी टिटवी. काही दिवस पाय निघत नव्हता, पण काळ्या दारात उभा. अशा दिवशी माझ्या सल्ल्यापेक्षा तोच उपयोगी पडला. जानेवारीत ती आणि नवरा नांदूर मध्यमेश्वरला जाऊन आले. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत असलेली ही जागा तिच्या घरापासून अर्ध्या तासावर, तरी लग्नानंतर ती तिथे गेली नव्हती. त्या दिवशीचा आकडा आठ.

सगळं सुटलेलं नाही. स्वतःच्या पैशाचा प्रश्न आहेच. जीएसटीची कामं घरून करता येतील का, यावर नवऱ्याशी बोलणं सुरू आहे आणि ते मला पाटावरच्या फेरीइतकंच गरजेचं वाटतं. कुत्र्याने किंवा पाखरांनी ही उणीव भरून काढावी, अशी अपेक्षा कुणी करू नये.

हे वाचून कुणी औषध म्हणून पिल्लू आणणार असेल तर जरा थांबा. ती दहा-बारा वर्षांची जबाबदारी असते. दरवर्षी रेबीजची लस लागते, आणि आपल्या नाशिकच्या दोन्ही मोठ्या पिकांपासून त्याला जपावं लागतं. द्राक्षं आणि बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. उरलेली कांद्याची भाजी त्याच्या पुढ्यात टाकू नका, बागेत पडलेले घड त्याला खाऊ देऊ नका.

वही मात्र आजच सुरू करा. माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुणा समुपदेशकाकडे जाणार असाल तर आठवडाभर भरलेली वही सोबत न्या. आकडे बरे नसले तरी न्या. बोलायला सुरुवात कुठून करायची ते तिच्यातच सापडतं.