मॅडम, माझं ग्रामरच कच्चं आहे

पहिल्या सत्राचे निकाल लागले की समुपदेशन कक्षाचं दार वाजायला लागतं, आणि पुढचे दोन महिने एकच वाक्य कानावर येत राहतं: ‘‘माझं ग्रामरच कच्चं आहे.’’ बोलणारी मुलं बहुतेक मराठी माध्यमातून आलेली, विज्ञान शाखेतली. पालकांचा प्रश्नही ठरलेला. ‘‘दहावीपर्यंत पहिल्या पाचात होती हो. आता इंग्रजीनं घात केला. स्पीकिंगचा क्लास लावू का?’’ या सगळ्यांना मिळून उत्तर म्हणून ऋतुजाबद्दल सांगते. नाव अर्थातच बदललेलं आहे.

ऋतुजा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. घर नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या पट्ट्यात. प्रात्यक्षिकाच्या वहीवर चांगले शेरे आणि लेखी पेपरात ३५ पैकी ९. पहिल्याच भेटीत तिनं पिशवीतून व्याकरणाचं जाडजूड पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. त्यातला बारा काळांचा तक्ता तिला तोंडपाठ होता.

‘‘मग कच्चं काय आहे?’’

‘‘सगळंच, मॅडम.’’

माझा भर विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर, म्हणजे सरसकट विधानं तपासून बघण्यावर असतो, त्यामुळे ‘सगळंच’ हा शब्द मी सहजासहजी सोडत नाही. ‘माझं सगळंच कच्चं’ म्हटलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही. रडता येतं किंवा गावी परत जाता येतं, आणि ऋतुजा परत जायच्या तयारीनंच आली होती. व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिला तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन यायला सांगितलं.

काम एवढंच होतं की लाल खुणा मोजायच्या आणि प्रत्येक खूण कशाबद्दल आहे ते शेजारी पेन्सिलीनं लिहायचं. तासभर लागला. खुणा ४६ निघाल्या. त्यातल्या १९ ठिकाणी वाक्याला क्रियापद नव्हतं, किंवा तीन-तीन वाक्यं स्वल्पविरामांनी एकात ओढलेली होती. १३ ठिकाणी शब्दाच्या शेवटचा ‘एस’ चुकला होता, ८ ठिकाणी शेवटचा ‘ईडी’ राहून गेला होता. बाकीच्या ६ किरकोळ. ज्या तक्त्यावर तिनं अख्खी सुट्टी घालवली होती, त्यातला काळ चुकीचा निवडल्याची एकही खूण यादीत नव्हती.

‘‘म्हणजे तीनच प्रकार?’’ ती कागदाकडे बघत राहिली.

तीनच. पण त्या १९ चं कोडं सुटत नव्हतं. क्रियापद म्हणजे काय ते हिला नीट माहीत, मग लिहिताना ते जातं कुठे? त्यातलंच एक उत्तर मी तिला मराठीत सांगायला लावलं. तेही येईना. उत्तर गाईडमधून पाठ केलेलं होतं आणि मध्येच विसरलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं की शाळेच्या सगळ्या वर्षांत स्वतःच्या मनातलं वाक्य कागदावर उतरवायची वेळ तिच्यावर क्वचितच आली होती. निबंधसुद्धा पाठच केलेले. अशा मुलीला इंग्रजी लिहायला शिकवायचं, तर तिला पक्कं ठाऊक असलेल्या विषयापासूनच सुरुवात करायला हवी.

तिसऱ्या भेटीत विचारलं, ‘‘तुमच्याकडे कांदा साठवतात कसा गं?’’

ती पहिल्यांदा खुर्चीत मोकळी बसली. उन्हाळ कांदाच टिकतो, पावसाळी टिकत नाही. चाळ, म्हणजे कांदा साठवायची शेड, जमिनीपासून उचललेली हवी, खालून वारा खेळला पाहिजे. ढीग चार-पाच फुटांच्या वर नेला की तळचा कांदा दबतो, गरम होतो आणि सडतो. पात अगदी कांद्यालगत कापली तर मान उघडी राहते आणि तिथूनच सड लागते. हातवारे करून ती दहा मिनिटं बोलत होती. ‘‘आता बोललीस तसंच एका वाक्यात लिही,’’ म्हटलं. तिनं लिहिलं:

‘उन्हाळ कांदा उपटून, तीन दिवस शेतातच पातीनं झाकून वाळवून, मानेला इंचभर ठेवून पात कापून, खराब कांदे निवडून चाळीत भरतात.’

छान, वाहतं वाक्य. त्याच्याखाली तिनं इंग्रजी केलं: ‘अनियन अपरूटिंग, थ्री डेज ड्राइंग इन फील्ड, लीव्हज् कटिंग, बॅड अनियन्स रिमूव्हिंग अँड फिल इन स्टोरेज.’

‘‘वरच्या ओळीतली क्रियापदं मोज.’’

उपटून, झाकून, वाळवून, ठेवून, कापून, निवडून. पेन्सिल ‘भरतात’वर येऊन थांबली. बराच वेळ तिथेच होती. मग म्हणाली, ‘‘मॅडम, पूर्ण हे एकच आहे. बाकी सगळे ऊन-वाले आहेत. आणि मी प्रत्येक ‘ऊन’ला ‘इंग’ लावलंय.’’

हे तिनं स्वतः शोधलं, आणि म्हणूनच ते टिकलं. मराठीत ‘ऊन’ लावून कितीही कामं एका माळेत ओवता येतात, सगळा भार शेवटचं क्रियापद उचलतं. इंग्रजीत नुसत्या ‘इंग’वर वाक्य उभं राहत नाही. ऋतुजा आपल्या भाषेची घडी प्रामाणिकपणे तिकडे नेत होती आणि त्यालाच ‘ग्रामर कच्चं’ असं नाव पडलं होतं. कक्षात येणाऱ्या मराठी मुलांच्या उत्तरपत्रिका या नजरेनं बघा, बहुतेकांत हा ‘ऊन’ लपलेला सापडेल.

उपाय सोपा आहे. मराठी वाक्यात जिथे ‘ऊन’ येतो तिथे वाक्य तोडायचं, प्रत्येक तुकड्याला कर्ता आणि एक पूर्ण क्रियापद द्यायचं. तिचं नवं लिखाण असं झालं: ‘फार्मर्स पुल आउट द अनियन्स. दे ड्राय देम इन द फील्ड फॉर थ्री डेज. दे कट द लीव्हज् बट कीप वन इंच ऑफ द नेक. दे रिमूव्ह द बॅड अनियन्स. देन दे फिल द चाळ.’

‘‘हे दुसरीतल्या मुलानं लिहिल्यासारखं वाटतंय.’’

वाटू दे. आधी सुटी वाक्यं बिनचूक यायला हवीत. तीन आठवडे रोज अशी पाच वाक्यं, विषय स्वतःच्या माहितीतला. त्यानंतर जोडकाम, आणि एका वेळी दोनच वाक्यं जोडायची: ‘आफ्टर’, ‘व्हाइल’, ‘बिकॉज’ घेऊन. इथे मराठीची आणखी एक सवय आडवी येते. ‘जरी… तरी’ ही आपली जोडी आहे, म्हणून मुलं ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ही लिहितात. ‘कारण… म्हणून’चंही तेच: ‘बिकॉज’ आणि पाठोपाठ ‘सो’. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच ठेवायचा.

‘एस’साठी तिला एक ओळ दिली: साध्या वर्तमानकाळात ‘एस’ एकच, नामाला लागला तर क्रियापदाला नाही. ‘द रूट अ‍ॅब्झॉर्ब्स वॉटर’, ‘द रूट्स अ‍ॅब्झॉर्ब वॉटर’. मराठीत अनेकवचन झालं की क्रियापदही वाढतं, ‘पान गळतं, पानं गळतात’, त्यामुळे आपला हात उलटा जातो. ‘चिल्ड्रन’सारखे अपवाद आहेत, ते नंतर पाहता येतात. आणि ‘ईडी’ गळतो कारण तो बोलताना नीट ऐकूच येत नाही. विज्ञानाच्या उत्तरात ‘इज’ किंवा ‘आर’नंतर ‘केलं जातं’ असा अर्थ असेल, तर पुढच्या शब्दाचं शेपूट तपासायचं: ‘वॉटर इज अ‍ॅब्झॉर्ब्ड’. तपासताना तीनदा वाचावं, एका फेरीत एकाच प्रकारची चूक शोधावी. तिन्ही एकदम शोधायला गेलं की एकही सापडत नाही.

वाचनाचं दुखणं वेगळं होतं. तिच्या पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर पेन्सिलीनं लिहिलेले ३४ मराठी अर्थ होते, आणि पान काय म्हणतं ते तिला सांगता येत नव्हतं. शब्द सुटे झाले की वाक्य हरवतं. आम्ही क्रम उलटा केला. साधारण १०० शब्दांचा एकच परिच्छेद घ्यायचा. पहिल्या वाचनात मोबाइल लांब. दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्याच्या मुख्य क्रियापदाखाली रेघ मारायची आणि ‘कोण काय करतं?’ एवढंच विचारायचं. अडलेल्या शब्दांपैकी पुन्हा-पुन्हा येणारे पाचच कोशात बघायचे. शेवटी समासात मराठीत एक ओळ, पुस्तक झाकून. रोज २५ मिनिटं, जास्त नाही.

शास्त्रीय संज्ञांसाठी भाषांतराच्या अ‍ॅपपेक्षा भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बरे. ‘रेस्पिरेशन’ म्हणजे शाळेत शिकलेलं श्वसनच, हे कळलं की अर्धी भीती जाते. खरा घोटाळा ओळखीचे वाटणारे शब्द करतात. ऋतुजा ‘प्रोव्हायडेड’ म्हणजे ‘पुरवलेलं’ धरून चालली होती. ‘द बल्ब्ज कीप वेल, प्रोव्हायडेड द नेक इज ड्राय’ या वाक्यात त्याचा अर्थ ‘मान वाळलेली असेल तरच’. असे सांधे जोडणारे शब्द, ‘हाउएव्हर’, ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘हेन्स’, ‘अनलेस’, वहीच्या शेवटच्या पानावर वाक्यासकट उतरवावेत. न्यूझीलंडमध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय वाचनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची (एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुल) यादी केली. ती इंटरनेटवर मिळते. आठवड्याला दहा घेतली तरी सव्वा वर्षाच्या आत संपते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे. स्पीकिंगच्या क्लासनं बोलण्याची भीड जाईल, पण उत्तरपत्रिकेतल्या क्रियापदाच्या त्या १९ चुका तशाच राहतील. त्या पैशांपेक्षा दर आठवड्याला एक उत्तर नीट तपासून देणारं माणूस शोधा. सीनियर विद्यार्थीही चालतो. ‘मराठीत पेपर लिहू का?’ असंही मुलं दबक्या आवाजात विचारतात. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलं होतं. आपल्या विद्यापीठात सोय आहे का, हे परीक्षा विभागात विचारा. इंग्रजी वाचन मात्र सुटत नाही, संदर्भग्रंथ त्याच भाषेत आहेत.

पुढच्या चाचणीत ऋतुजाला श्वसनावर प्रश्न आला. तिनं साठवलेल्या कांद्याचं उदाहरण दिलं: कांदा चाळीतही जिवंत असतो, श्वसन करतो, त्यातून उष्णता निर्माण होते, म्हणून खालून वारा लागतो. आठ छोटी वाक्यं, आठही पूर्ण. ही उत्तरपत्रिका तिनं माझ्याकडे येण्याआधीच मोजली होती. लाल खुणा ११, त्यातल्या ७ ‘एस’च्या. मार्क ३५ पैकी १९.

‘‘मॅडम, ग्रामरचं ते पुस्तक मैत्रिणीला दिलं,’’ ती म्हणाली आणि वहीचं नवं पान उघडून वर लिहिलं: ‘एस, ७’.