अणूंच्या एकाच थराएवढ्या पातळ स्फटिकाचं चुंबकत्व मोजायला लेझर कशाला? स्क्विड (चुंबकत्व मोजायचं अतिसंवेदनशील यंत्र) पुरत नाही का? आणि पॉवर किती ठेवावी?

नाही पुरत. लॅबमधल्या नेहमीच्या स्क्विडला निदान डोळ्यांना दिसेल एवढा स्फटिक लागतो. टेपने सोललेला क्रोमियम आयोडाइड या चुंबकीय स्फटिकाचा एक थर म्हणजे काही मायक्रॉनचा तुकडा, खालच्या सिलिकॉनच्या सिग्नलमध्येच हरवतो. लेझरचा ठिपका नेमका त्या तुकड्यावर पाडता येतो, आणि परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण किती फिरलं ते मोजता येतं. हाच केर परिणाम (झाडून काढायचा केर नव्हे, जॉन केर, १८७७). २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि एमआयटीच्या गटांनी याच रीतीने दाखवलं, की एकटा थरसुद्धा ४५ केल्विनपर्यंत चुंबक राहतो. जाड स्फटिकात ६१.

पॉवरचं तुम्ही जाता जाता विचारलंय, माझं दुखणं तिथेच आहे.

आमचा सिनियर म्हणायचा, "अगं, सिग्नल नॉइझमध्ये बुडतोय, पॉवर वाढव." वाढवली, १०० मायक्रोवॅट. सिग्नल झकास, पण ३८ केल्विनलाच शून्य. त्याचं निदान तयार: "तू सॅम्पलला हवा लागू दिलीस." हा पदार्थ हवेत काही मिनिटांत नासतो हे खरंच, त्यामुळे मीही मान्य केलं. दोन महिने ग्लव्हबॉक्समध्ये (हवाबंद पेटीत) हात घालून नवे तुकडे सोलले, बोरॉन नायट्राइडच्या पापुद्र्यांत बंद केले. दर वेळी ३८! शेवटी एका रात्री तो घरी गेल्यावर ५ मायक्रोवॅट लावले, लॉक-इनचा (नॉइझमधून सिग्नल वेचणाऱ्या यंत्राचा) टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सरासरी काढायचा वेळ, वाढवला आणि पहाटेपर्यंत एकेक बिंदू घेतला. ४५. थर्मामीटर तांब्याच्या ठोकळ्यावर बसलेला, त्याला बिचाऱ्याला लेझरखालचा तुकडा किती तापलाय ते काय कळणार?

ग्रुप मीटिंगमध्ये सिनियर म्हणाला, "हीटिंग बघ, असं मी म्हणालोच होतो."

तेव्हा तीन वेगवेगळ्या पॉवरना मोजा. संक्रमणाचं (चुंबकत्व नाहीसं होण्याचं) तापमान सरकलं तर दोष लेझरचा, तुमच्या हातांचा नाही. कुणी सिनियर काहीही म्हणो.

हां, केर शून्य म्हणजे दर वेळी तापलेलंच असं नाही. दोन थरांच्या तुकड्यात थरांची चुंबकं एकमेकांच्या उलट असतात, बाहेरून सुमारे ०.६५ टेस्लाचं क्षेत्र लावलं की एका दिशेला वळतात. तो फेकू नका. आयर्न फॉस्फरस ट्रायसल्फाइडमध्ये तर थराच्या आतच अणूंची चुंबकं उलटसुलट, तिथे रामन (विखुरलेल्या प्रकाशाचा बदललेला रंग मोजायची पद्धत) वापरा. चुंबकाच्या क्षेत्रात बसलेली लेन्सही ध्रुवीकरण फिरवते, क्षेत्राबरोबर सरळ रेषेत वाढणारा तो भाग वजा करा.

आणि वहीत पॉवरच्या आकड्याशेजारी तो कोणी सांगितला तेही लिहा. माझ्या वहीत नुसतंच १०० आहे, माझ्या अक्षरात.