कारफेरी न वळता परत कशी येते?

तुम्ही विचारलंय की दुतोंडी कारफेरी (गाड्या पलीकडे नेणारी बोट) पलीकडून परतताना वळते कुठे. ती वळतच नाही. दोन्ही टोकांना रॅम्प आणि बोट ढकलायची सोय असते. आपली भुसावळ–इगतपुरी मेमू रेल्वे आठवा, चालक फक्त दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो. फेरीवरही गाड्या एका टोकाने चढतात, दुसऱ्याने सरळ उतरतात, रिव्हर्स नाही. मी मेकॅनिकल शिकवतो, त्यात मला सर्वात आवडणारी गोष्ट बोटीच्या दिव्यांची: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा हा नियम, म्हणून दिशा पलटली की मघाशी लाल होता त्याच बाजूला हिरवा लावावा लागतो! नॉर्वेत २०१५ पासून लाविक–ओपेडाल मार्गावर धावलेली ‘अँपिअर’ अशीच: ८० मीटर लांब, १२० गाड्यांची, पूर्ण बॅटरीवर. फेरीच जेमतेम २० मिनिटांची, तिथे वळण्यातला वेळ वाचणं फार मोलाचं. मात्र ही रचना खाडी-नदीसारख्या छोट्या अंतराची. लांबच्या खुल्या समुद्रात टोकदार नाळेचं (पुढच्या टोकाचं) जहाजच बरं. आणि कोकणात गाडी घेऊन जाणार असाल तर चढण्याआधी विचारा, प्रत्येक फेरीबोट दुतोंडी नसते.