जुन्या ११८ एनईचा एसी: कॉम्प्रेसर बदलून भागेल का?

वडिलांच्या १९९२ च्या प्रीमियर ११८ एनईचा एसी पाच वर्षं बंद आहे आणि मेकॅनिक म्हणतोय की नवा कॉम्प्रेसर बसवून गॅस भरला की झालं. तेवढ्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार. माझ्याकडे हीच गाडी आहे आणि असाच बसवलेला माझा नवा कॉम्प्रेसर एका उन्हाळ्यात जाम झाला.

कारण नंतर कळलं. कंडेन्सरचा (गाडीच्या तोंडाशी असलेल्या, गॅस थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप सोडून आतलं तेल मी एका पांढऱ्या फडक्यावर ओतलं. काळपट तेल, आणि उन्हात धरल्यावर त्यात चांदीसारखी बारीक पूड चमकत होती. जुन्या कॉम्प्रेसरच्या पोटातलं ॲल्युमिनियम होतं ते. कॉम्प्रेसर बदलला, पण पूड कंडेन्सरमध्येच राहिली आणि फिरत फिरत नव्या कॉम्प्रेसरमध्ये शिरली. म्हणून पैसे मोजण्याआधी, उरलेला गॅस नीट काढून घेतल्यावर, हे तेल स्वतःच्या डोळ्यांनी बघा. स्वच्छ असेल तर कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल फ्लश करून पुढे जाता येईल. चमक दिसली तर कंडेन्सर बदलाच.

आता गॅस. तुमच्या गाडीच्या काळात आर-१२ असायचा. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार भारतात तो २०१० पासून बंद झाला, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए वरच जावं लागेल. आर-१२ सोबतचं खनिज तेल १३४ए मध्ये मिसळत नाही. ते वाटेत कुठेतरी साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. त्यामुळे जुनं तेल पूर्ण काढायचं, नव्या कॉम्प्रेसरवर जे तेल लिहिलंय तेच घालायचं. ओ-रिंग (पाइपांच्या जोडांतल्या रबरी कड्या) सगळ्या बदला, १३४ए ला चालणाऱ्या हिरव्या एचएनबीआर रबराच्या घ्या. किरकोळ वस्तू आहे, पण गॅस बहुतेक वेळा तिथूनच जातो. रबरी पाइप तीस वर्षांचे असतील तर तेही बॅरियर होजमध्ये (आतून गॅस अडवणारा थर असलेल्या पाइपात) नव्याने क्रिंप करून, म्हणजे टोकं दाबून बसवून घ्या.

ड्रायर बॉटल तर नवीच हवी, त्यात तडजोड नको. आतले दाणे ओल शोषतात. पाच वर्षांत त्यांची ताकद संपलेली असते. ओल राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक झडपेच्या) तोंडाशी बर्फ धरतो: वीस मिनिटं छान गार हवा, मग एकदम बंद, गाडी थोडी थांबवली की पुन्हा गार. नव्या ड्रायरची टोपणं अगदी शेवटी, व्हॅक्यूम लावायच्या आधी काढायला सांगा, नाहीतर तो गॅरेजच्या हवेतलीच ओल पिऊन बसेल. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे काम काढूच नका.

आधी नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने लीक बघायची, मग निदान पाऊण तास व्हॅक्यूम, पंप बंद केल्यावर काटा हलता कामा नये. गॅस वजनावर भरून घ्या. आर-१२ जेवढा लागायचा त्याच्या ८० ते ८५ टक्के १३४ए पुरतो. जास्त भरला तर दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. स्वस्तात स्वयंपाकाचा गॅस भरून देणारेही भेटतात. कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली असते, ती गळली तर पेटणारा वायू तुमच्या पायाशी येईल. अशा ठिकाणाहून गाडी तशीच परत आणा.

१३४ए चा दाब मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये चांगलाच चढतो, म्हणून कंडेन्सरपुढे रिले लावून एक इलेक्ट्रिक पंखा बसवा. निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन छोटं आहे; कॉम्प्रेसरचा क्लच लागला की आयडलिंग खाली येतं, तेव्हा ते वर उचलणारं आयडल-अप चालतंय का तेही बघा. कॉम्प्रेसर जुन्याच ब्रॅकेटवर बसेल असा शोधा आणि डॅशबोर्ड कुठेही कापू देऊ नका. त्या प्लॅस्टिकचा तुकडा आता मिळत नाही.

तेल बघितलंत की त्याचा रंग इथेच लिहा. कंडेन्सर बदलायची वेळ आली तर माझ्या गाडीत बसलेल्याचं माप टेपने घेऊन देतो.